आधी नळ, मग उपदेश

पाळीसाठी पुन्हा कापडाकडे वळा, नाहीतर कप वापरा, असं सांगणारी मंडळी हल्ली जागोजागी भेटतात. कॉलेजांत व्याख्यानं होतात, महिला दिनाला कप वाटले जातात, बचतगटांना कापडी पॅड शिवायचं शिक्षण दिलं जातं. या बदलाला माझा विरोध नाही. आधी कितीतरी वर्षं सुती घड्या आणि गेली सात वर्षं कप वापरणारी मी बाई आहे, आणि बाजारच्या पॅडकडे परत जावं असं मला एकदाही वाटलेलं नाही. तरीही या प्रचाराशी माझं भांडण आहे. जिला हे ठणकावून सांगायला हवं तिला तो मऊ शब्दांत चुचकारतो, आणि जिच्या घरात हंडाभर पाणी मोजून वापरतात तिच्या दारात मात्र मास्तर होऊन उभा राहतो.

आधी कापडाबद्दल बोलू, कारण त्याची बदनामी फार झाली. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी सुती लुगडं विरलं की त्याचे धडपे व्हायचे. त्या धडप्यांतून बाळाची दुपटी निघायची, भांडी पुसायची फडकी निघायची आणि पाळीच्या घड्याही. सूत जितकं धुतलं जाई तितकं मऊ होई आणि जास्त शोषून घेई. मग नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. धुवायला सोप्या, झटकन वाळणाऱ्या, वर्षानुवर्षं न फाटणाऱ्या. कष्टकरी बाईला त्या आवडल्या यात नवल नाही. पण हे कापड पाणी पीतच नाही, पाळीला त्याचा उपयोग काय? गरिबाघरून सुती कापड हळूहळू गेलं आणि हाताला लागेल ते बाई घडी करून घेऊ लागली. मांड्या सोलवटल्या, कपडे डागाळले, तेव्हा दोष ‘कापडा’च्या माथी आला. त्यात सुताचा वाटा किती आणि पॉलिएस्टरचा किती, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दुसरी गोष्ट वाळवण्याची. घडी थंड पाण्यात भिजवावी, साबणाने चोळून स्वच्छ धुवावी, कडक उन्हात वाळवावी, आणि नेसती असताना चार-सहा तासांनी बदलावी. एवढं केलं तर कापडाने रोग होत नाही. यातलं धुणं बाई करते. ऊन मात्र तिला मिळत नाही. घड्या वाळतात कुठे? परकराखाली, पत्र्याच्या आणि वाशाच्या सांदीत, मोरीतल्या खिळ्यावर, कोंदट कपाटामागे. पावसाळ्यात त्या वाळतच नाहीत, ओलसरच परत घेतल्या जातात. मग खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं, आणि दवाखान्यात सांगितलं जातं, ‘कापड सोडा.’ ‘उन्हात दोरीवर वाळत घाला’ असं सांगणारे डॉक्टर मला फार थोडे भेटले. दोरी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही ना!

सरकारी शहाणपणाचं तर विचारू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, १५ ते २४ वयाच्या मुलींना पाळीत काय वापरता असं विचारलं गेलं. ६४ टक्के मुलींनी पॅड सांगितले, ५० टक्क्यांनी कापड. कितीतरी जणी दोन्ही वापरतात, म्हणून बेरीज शंभराच्या वर जाते. याच अहवालात ‘स्वच्छ साधनं’ कोणती ते ठरवून दिलं आहे: बाजारचे पॅड, स्थानिक पातळीवर बनवलेले पॅड, टॅम्पॉन आणि कप. कापड या यादीत नाही. धुतलेलं, उन्हात खडखडीत वाळवलेलं असो, नाहीतर ओलं, कुबट असो, कापड म्हटलं की मुलगी अस्वच्छांच्या रकान्यात! ती ते कसं धुते, कुठे वाळवते याचा या व्याख्येत विचारच नाही. आणि पॅड वापरणारी स्वच्छ. मग तो सकाळपासून रात्रीपर्यंत एकच का असेना. जाहिरातवाल्यांनी तीस-चाळीस वर्षं निळं पाणी ओतून जे आपल्या मनावर ठसवलं, त्यावर असा सरकारी शिक्का बसला.

पॅडविरुद्ध मी फतवा काढत नाही. २०१८ च्या ८ मार्चला महाराष्ट्रात अस्मिता योजना सुरू झाली आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागले. २०१९ साली केंद्राने जनऔषधी दुकानांतला पॅड एक रुपयाला केला. शाळेत संडास नाही, असला तर पाणी नाही, अशा ठिकाणी मुलगी पाळीतले चार दिवस शाळा बुडवत नाही ती त्या पॅडच्या जोरावर. तिला कुणी नावं ठेवू नयेत. माझा प्रश्न योजना आखणाऱ्यांना आहे. पॅड वाटणं सोपं, त्याचा फोटो छान येतो. नळाला वर्षभर पाणी ठेवणं अवघड, आणि त्याचा फोटोही येत नाही.

आता तो पॅड जातो कुठे ते पाहू. पॅडमध्ये वर प्लास्टिकची जाळी, मध्ये कापसासारखा लगदा आणि पाणी धरून ठेवणारं रसायन, खाली प्लास्टिकचा पत्रा. ते कुजत नाही. महिन्याला बारा पॅड धरले तर वर्षाला १४४ होतात, आणि पस्तीस वर्षांत पाच हजारांहून अधिक. हे पाच हजार पॅड ‘निसर्गावर’ पडतात असं म्हणायची आपल्याला सवय आहे. ते पडतात बाईच्या हातात. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था झाली. २००८ पासून तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलला. या कामात बहुसंख्य बायका आहेत, बहुसंख्य दलित आहेत. वर्तमानपत्राच्या सुरळीत नाहीतर काळ्या पिशवीत आपण जे गुंडाळतो, ते त्यांना हाताने उघडावं लागतं, कारण आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. २०१३ च्या महिला दिनी या बायकांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिल्या. तुमचा माल, तुम्हीच सांभाळा! २०१६ साली केंद्राने घनकचऱ्याचे नियम केले. त्यात कंपन्यांनी पूर्णपणे पुनर्वापरायोग्य माल वापरता येतो का ते पाहावं, नाहीतर प्रत्येक पॅडबरोबर टाकण्यासाठी पाकीट द्यावं, असं लिहिलं होतं. तुमच्या घरातल्या किती पॅडबरोबर असं पाकीट आलं, ते तुम्हीच आठवून पाहा.

शाळा-वसतिगृहांच्या संडासात पॅड जाळायच्या ज्या छोट्या पेट्या बसवतात, त्यांचं कौतुकही मला कळत नाही. कमी आचेवर प्लास्टिक धड जळत नाही, त्याचा विषारी धूर होतो, आणि तो मुली हुंगतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. जिच्या घरात चोवीस तास नाही तरी रोज नळाला पाणी येतं, जिच्या न्हाणीघराला आतून कडी आहे, जिच्याकडे गच्ची किंवा बाल्कनी आहे, तिने बदललं पाहिजे. हे वाचणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकजणी अशाच आहेत. आपल्याला कप परवडत नाही असं नाही. सहा रुपयांचा एक पॅड धरला तर वर्षाचे ८६४ रुपये होतात, पाच वर्षांचे ४,३२०. चारशे रुपयांचा कप पाच वर्षं सहज चालतो, जपला तर त्याहून जास्त. आपल्याला माहिती नाही असंही नाही. मग अडतं कुठे?

घृणेपाशी अडतं. मी हा प्रश्न जिथे काढला तिथे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, मोर्च्यांत येणाऱ्या बायकांनीसुद्धा पहिला शब्द उच्चारला तो ‘शी!’ ‘स्वतःचं रक्त हाताला लागणार?’ अहो, आपण लेकरांचं शी-शू काढतो, आजारी सासऱ्याचं भांडं धुतो, जखमा पुसतो. याच रक्ताची एवढी शिसारी कशाची? ज्याला आजी विटाळ म्हणायची त्यालाच आपण ‘हायजीन’ म्हणायला लागलो. आजीला कावळा शिवायचा, ती बाजूला बसायची. आपण बाजूला बसत नाही, पण गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून ते रक्त लवकरात लवकर दुसऱ्या कुणाच्या तरी हद्दीत टाकून मोकळ्या होतो. २०१६ साली शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या तेव्हा आपण पेढे वाटले. २०१८ साली शबरीमलाचा निकाल आला तेव्हा लेख लिहिले. देवाच्या चौथऱ्यावर जायला निघालेल्या आपल्याला घराच्या बाल्कनीतली दोरी का गाठता येत नाही?

दोरीचीही बंदी असते, हे मला ठाऊक आहे. माझ्या ओळखीची एक मुलगी मुलींच्या ज्या वसतिगृहात राहते, तिथे ‘तसले कपडे’ गॅलरीत वाळत घालू नयेत अशी नोटीस लागली होती. तसले म्हणजे कसले, हे लिहायची हिंमत मात्र नोटीस लावणाऱ्या बाईंना झाली नाही. मुली कुठे वाळवणार? खोलीत, खाटेखाली. म्हणजे रोग व्हायची सोय स्वतः करून द्यायची आणि मग आरोग्यावर व्याख्यान ठेवायचं. त्या मुलींनी काय करावं? एकीने नव्हे, सगळ्यांनी एकाच दिवशी वाळत घालावेत, असं मी सांगितलं. दहाजणींच्या घड्या दिसल्या तर कुणाकुणाला बोलावून दटावणार?

आणखी एक गोष्ट, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कापडाकडे वळायचं ठरवलंत तर घड्या धुणेवालीला देऊ नका. ‘पर्यावरणासाठी’ कापडी पॅड विकत घेऊन ते बादलीत भिजत ठेवणाऱ्या आणि सकाळी बाई येऊन धुईल म्हणणाऱ्या घरांत मी गेले आहे. ज्या घरात कामवालीचा चहाचा कप वेगळा, त्याच घरात मालकिणीची घडी तिने चोळायची! आपलं ओझं कचरावेचकीच्या हातून काढून धुणेवालीच्या हातात देणं, याला कुणी बदल म्हणू नये. ज्याची पाळी त्याने धुवावं. नवऱ्याने हात लावला तर त्याचाही हात झडणार नाही, दोरीवर टाकायला त्याची उंची तर जास्तच असते.

कपाविषयी शंका खूप असतात, त्यातल्या दोन इथे घेते. पहिली, तो गळतो का? २०१९ साली लॅन्सेट पब्लिक हेल्थ या नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात सुमारे ३,३०० बायका-मुली होत्या. गळतीच्या बाबतीत कप पॅड-टॅम्पॉनच्या बरोबरीचा किंवा त्यांहून बरा ठरला, आणि वापरून पाहिलेल्या दहांतल्या सुमारे सातजणींनी तो पुढेही वापरायची तयारी दाखवली. मात्र हात बसायला दोन-तीन पाळ्या जातात. पहिल्याच महिन्यात वैतागून फेकू नका. तांबी बसवलेली असेल, अंग बाहेर येत असेल, नुकतंच बाळंतपण झालं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि काहीजणींना कप नाहीच जमत. त्यांनी कापड वापरावं, त्यात कमीपणा नाही.

दुसरी शंका उघड विचारली जात नाही, शिबिर संपल्यावर आई कोपऱ्यात गाठून विचारते: ‘मुलीचं लग्न व्हायचंय. पडदा फाटला तर?’ कप वाटणाऱ्या कितीतरी संस्था इथे कच खातात. लग्न झालेल्यांसाठी कप, कुमारिकांसाठी कापडी पॅड, अशी सोयीची वाटणी करून टाकतात. म्हणजे ज्या समजुतीशी लढायचं तिलाच मान तुकवायची. योनीच्या तोंडाशी असलेला तो पडदा म्हणजे काही बरणीवरचं सील नव्हे. तो प्रत्येकीचा वेगळा असतो, खेळताना, सायकल चालवतानाही ताणला जातो, आणि त्यावरून मुलीचा भूतकाळ कुणालाही वाचता येत नाही. ‘दोन बोटांच्या चाचणी’ला शास्त्रीय आधार नाही आणि ती बाईचा अपमान करते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पुन्हा बजावलं. महाराष्ट्रात कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध जातपंचायतीशी उघड झुंज दिली. आणि आपण कपाच्या खोक्यावर ‘फक्त विवाहितांसाठी’ अशी अदृश्य चिठ्ठी लावायची? घ्यायचा की नाही ते मुलगी ठरवील. तिला खरं काय ते सांगणं आपलं काम.

आमच्या बैठकांत सगळ्यात जास्त वेळ मात्र पडद्यावर जात नाही, पातेल्यावर जातो. पाळी संपली की कप चार-पाच मिनिटं उकळायचा. कशात? ‘सासूबाई गॅसला हात लावू देतील का?’ ‘चहाचं पातेलं चालेल का?’ अंडी उकडायला वेगळं पातेलं ठेवणाऱ्या घरांना हे कोडं पडायला नको होतं. एक जुना स्टीलचा पेला बाजूला ठेवा, काम भागतं. पण हा पेला लपवून ठेवावा लागला, माळ्यावर जुन्या डब्यामागे जाऊन बसला, तर कप आला आणि विटाळ होता तिथेच राहिला.

इथवर जे लिहिलं ते नळ असलेल्यांसाठी. आता ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्याकडे वळते, कारण प्रचाराचा सगळा जोर तिकडेच आहे. केरळातल्या कुंबलंगी पंचायतीने २०२२ साली कप वाटून गाव पॅडमुक्त जाहीर केलं, त्याआधी २०१९ साली अलप्पुळा नगरपालिकेने पाच हजार कप वाटले होते. चांगलं झालं. पण केरळात बहुतेक घरांना विहीर नाहीतर नळ आहे आणि घरचा संडास आहे, हे इथे कप वाटायला निघालेले विसरतात. पुण्या-मुंबईच्या वस्तीत बाई रांगेत उभी राहून सार्वजनिक संडासात जाते, आत बादली नाही, दिवा नाही, बाहेरून कुणीतरी दार बडवत असतं. तिथे तिने कप काढायचा, रिकामा करायचा, धुवायचा आणि परत बसवायचा? बारा तास तो ठेवता येतो, त्यामुळे दिवसातून दोनदाच हे करावं लागतं, हे खरं. घड्यांपेक्षा पाणी कमी लागतं, हेही खरं. पण दोनदा तरी हवंच ना! आणि जी कचरावेचक आपला पॅड उघडते तीही याच रांगेत उभी असते.

ऊसतोडीच्या तळावर तर रांगही नाही. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, पहाटेपासून फड आणि रात्री-अपरात्री गाडी भरणं. पाळीत अंग दुखलं म्हणून एक दिवस बसली तर खाडा, पाचशे रुपये कापले जातात. पाल शेताच्या कडेला, न्हाणी म्हणजे साडी बांधलेला आडोसा, संडास म्हणजे ऊस. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात याचा बोभाटा झाला आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजार ८०० हून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. पाळीची कटकट कायमची मिटवायचा हाच उपाय ज्यांच्यापुढे ठेवला गेला, त्या या बायका. अशा एका तळावर आम्ही कप दाखवला तेव्हा एक बाई तो हातात फिरवत म्हणाली, ‘ताई, वस्तू चांगली हाय. पन ही धुवायला पानी कोन आनून देनार? प्यायाचंच मी दोन हंडे आनते, त्यात पाच मानसं.’ यावर आमच्यातल्या एका उत्साही मुलीने कमी पाण्यात कप धुण्याची युक्ती सांगायला सुरुवात केली. मी तिला थांबवलं. पाण्याची काटकसर त्या बाईला कुणी शिकवायची गरज नव्हती.

या बाईला कप देऊ नये असं मी म्हणत नाही. तिने मागितला तर जरूर द्यावा. पण कारखान्याच्या चिमणीला लागेल तेवढं पाणी मिळतं आणि तळावर टाकी नाही, हा सवाल कारखान्याच्या संचालकांना विचारायचा असतो. तो न विचारता कप वाटणं म्हणजे संचालकांची सुटका करणं. तळावर नळ, आतून कडी लागणारी न्हाणी, पाळीच्या दिवशी खाडा नाही, ही मागणी आधी. त्यानंतर पॅड, कापड की कप, ते ती बघेल. तेवढी अक्कल तिला आहे.

गावात तर आपल्या हातात साधनंही आहेत, आपण ती वापरत नाही. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यावी लागते. पंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च व्हायचा असतो. बहुतेक ठिकाणी त्यातून हळदीकुंकू आणि शिलाई यंत्र यापलीकडे काही निघत नाही. आमच्या कामाच्या एका गावात मागच्या महिला ग्रामसभेत बायकांनी ठराव मांडला: सार्वजनिक नळाशेजारी छताची, कडीची न्हाणी बांधावी आणि तिच्या मागच्या अंगाला उन्हात दोऱ्या बांधून द्याव्यात. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लिहायला घेतलं आणि अडखळले. म्हणाले, ‘दोऱ्या कशासाठी ते लिहावं लागेल. कपडे वाळत घालण्यासाठी, असं लिहू?’ मागे बसलेली एक म्हातारी म्हणाली, ‘कपडे आम्ही कुंपणावर बी घालतो. पाळीचे, असं लिवा.’ भाऊसाहेबांनी एकदा सरपंचांकडे पाहिलं आणि लिहिलं. पैसे अजून मंजूर झालेले नाहीत. पुढची ग्रामसभा २६ जानेवारीला आहे, आणि त्या दिवशी बायका जुन्या ठरावाची नक्कल घेऊन जाणार आहेत.